पुणे मराठाज आणि हालचे युनिकॉर्न्स

डिसेंबरात आदिलाबादला जी थंडी पडते, तिची कल्पना हैदराबादच्या माणसाला येत नाही. तेलंगणातला पारा सगळ्यांत खाली उतरतो तो आमच्याकडे. इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमवर सकाळी साडेसहाला मुलं तोंडातून वाफ काढत उभी असतात, हात काखेत. त्या दिवशी मी फक्कीची पिशवी आणि मोजायची टेप घेऊन गेलो होतो. सोबत पंधरा-सोळा मुलं. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी तेलुगू, दोघा-तिघांच्या घरी गोंडी. मैदानावर मात्र या सगळ्यांत उर्दू कालवून एकच बोली चालते. आम्ही क्रिकेटची खेळपट्टी मोजली. २२ यार्ड. तिच्या निम्म्याच्या दोन हात अलीकडे मी फक्कीची रेघ मारली. झाले १० यार्ड.

"या रेघेपासून त्या रेघेपर्यंत चेंडू न्यायचा," मी म्हणालो. "त्यासाठी चार डाव. चारांत पोचलात तर पुढच्या दहा यार्डांना नवे चार डाव. नाही पोचलात तर चेंडू समोरच्यांना. कमरेला मिठी बसली की डाव संपला, पाडापाडी करायची नाही."

एकाने चेंडू पोटाशी घट्ट धरला आणि मुसंडी मारली. समोरच्या तिघांनी त्याला चार पावलांतच कवळला. शिट्टी झाली, सगळे थांबले, पुन्हा समोरासमोर रांगा लागल्या. दुसरा डाव, पुन्हा तेच. तिसऱ्या डावाला मागच्या रांगेतला एक पोरगा ओरडला, "सर, हे तं कबड्डीच आहे ना जी!"

अमेरिकन फुटबॉल समजावून सांगणारी पुस्तकं मी बरीच चाळली आहेत. त्या पोराच्या वाक्याइतकी सरळ वाट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही, म्हणून हे प्रकरण तिथूनच सुरू करतो.

आपला माणूस टीव्हीवर हा खेळ पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला एकच प्रश्न पडतो : हे सारखे थांबतात कशाला? आपल्या फुटबॉलमध्ये चेंडू वाहता असतो, हॉकीत वाहता असतो. इथे पाच-सात सेकंद धुमश्चक्री होते आणि मग सगळे कपडे झटकत उठतात. पण कबड्डी खेळलेल्याला यात परकं काहीच वाटत नाही. चढाईदेखील अशीच सुटी असते. तीस सेकंदांत दम घेऊन जायचं, निदान रेषा ओलांडायची, जमलं तर बोनस रेषा, आणि मध्यरेषेवर परत. चढाई संपली की पाटी कोरी. पुढची चढाई कोण करणार, कोपरारक्षक कुठे उभा राहणार, साखळी कुणी धरायची, हे सगळं पुन्हा नव्याने ठरतं. अमेरिकन फुटबॉलचा प्रत्येक डाव तसाच नव्याने मांडला जातो. दोन डावांमधल्या त्या थांब्यात खेळाडू घोळका करून पुढची चाल ठरवतात, आणि खेळाचं डोकं खरं तिथे चालतं. म्हणून या खेळाचे जाणकार प्रेक्षक थांब्याला कंटाळत नाहीत. ते त्या वेळात अंदाज बांधत असतात.

आता फरक सांगतो, कारण तो मोठा आहे. कबड्डीत चढाईपटू एकटा असतो. समोर सात जण, पाठीशी फक्त मध्यरेषा. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू नेणाऱ्याला वाट करून देण्यासाठी माणसं असतात. मैदानावर प्रत्येक बाजूचे ११ जण. त्यांतले पाच धिप्पाड गडी चेंडूच्या समोर भिंत करून उभे राहतात. मधला गडी चेंडू पायांमधून मागे देतो, तेवढाच काय तो त्यांचा चेंडूशी संबंध. बाकी सगळा वेळ समोरच्याला छातीने थोपवायचं. त्यांच्या नावावर गुण लागत नाहीत, आणि ती भिंत फुटली तर मागचा क्वार्टरबॅक कितीही गुणी असला तरी चेंडू फेकायला त्याला उसंत मिळत नाही. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे जवळपास ९१ मीटर. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची पट्टी. त्या पट्टीत चेंडू पोचला की टचडाउन, सहा गुण. त्यानंतर खांबांमधून चेंडू लाथाडून आणखी एक. दूरवरून खांबांमधून चेंडू मारला तर तीन. एवढं लक्षात राहिलं तर सामना बघायला बसता येतं.

*

हा खेळ युरोपात कसा रुजला, ते आता बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत अमेरिकेचे लष्करी तळ पडले आणि दशकानुदशकं राहिले. तळावरचे सैनिक सुटीच्या दिवशी आपला खेळ खेळायचे. कुंपणाबाहेरची जर्मन पोरं बघत राहायची. १९७७ मध्ये फ्रँकफुर्टमध्ये अलेक्झांडर स्पर्बर यांनी फ्रँकफुर्टर ल्योवेन, म्हणजे फ्रँकफुर्टचे सिंह, हा क्लब काढला. जर्मनीतला या खेळाचा तो पहिला क्लब. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपदाचा पहिला सामना झाला आणि या सिंहांनी आन्सबाख ग्रिझलीज संघाला १४-८ असं हरवलं.

इटली, फिनलंड, ब्रिटन, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स इथेही साधारण त्याच सुमारास क्लब निघू लागले. मग अर्थातच प्रश्न आला, की या सगळ्यांत भारी कोण? युरोपातल्या क्लबांच्या विजेतेपदाचा सामना, म्हणजे युरोबाउल, पहिल्यांदा झाला १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला. जर्मनीतल्या तळांमुळे तो चषक जर्मनांनी नेला असेल असं वाटेल. पण पहिले विजेते ठरले फिनलंडमधल्या वंता गावचे टाफ्ट, आणि त्यांनी हरवलं इटलीतल्या बोलोन्याच्या संघाला. पुढची काही वर्षं चषक असाच गावोगाव फिरत राहिला. १९८८ मध्ये हेलसिंकी रूस्टर्स, १९८९ मध्ये इटलीतल्या लेन्यानोचे फ्रॉग्ज, १९९० मध्ये मँचेस्टर स्पार्टन्स, १९९१ मध्ये बर्लिन आडलर. मग सत्तेचे काळ आले. हॅम्बुर्ग ब्लू डेव्हिल्स १९९६ ते १९९८ सलग तीनदा, इटलीतल्या बेर्गामोचे लायन्स २००० ते २००२ सलग तीनदा, आणि व्हिएन्ना व्हायकिंग्ज २००४ ते २००७ सलग चार वेळा.

या यादीत माद्रिद, म्युनिक, मिलान अशी सॉकरवाली नावं नाहीत. बेर्गामो, लेन्यानो, वंता ही मधल्या आकाराची गावं. या खेळाचा युरोपातला इतिहास समजून घ्यायला म्हणून मी एक छोटं गाव निवडलं आहे.

*

जर्मनीच्या नैऋत्येला कोखर नदीकाठी श्वेबिश हाल, थोडक्यात हाल, नावाचं गाव आहे. लोकवस्ती ४० हजारांच्या आसपास. तुलनेसाठी सांगायचं तर २०११ च्या जनगणनेतच आदिलाबाद शहराने लाखाचा आकडा ओलांडला होता. हे गाव मिठावर वाढलं. जमिनीतल्या खाऱ्या झऱ्यांचं पाणी आटवून इथे शतकानुशतकं मीठ काढलं जायचं. इथल्या टाकसाळीत मध्ययुगात एक छोटं नाणं पडायचं, त्याला गावाच्या नावावरून हेलर म्हणू लागले. हेलर म्हणजे जर्मनांची दमडी. हिशेब चोख केला हे सांगायला जर्मन माणूस अजूनही या दमडीचं नाव घेतो.

या गावात १९८३ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा क्लब निघाला : युनिकॉर्न्स. २०११, २०१२, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी पाच वेळा ते जर्मनीचे विजेते झाले. बर्लिन, हॅम्बुर्ग, कोलोन या महानगरांना मागे टाकून. सिगफ्रीड गेर्के यांनी तिथे वर्षानुवर्षं प्रशिक्षकपद सांभाळलं. माणूस एकाच मैदानावर इतका काळ टिकला की ज्यांना त्याने शिकवलं, त्यांची मुलं धाकट्या गटात दिसू लागली. आपल्याकडे जुन्या तालमीत वस्तादाचं हेच असतं.

हे घडलं कसं याचं उत्तर 'फेराइन' या एका जर्मन शब्दात आहे. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. जर्मनीत बहुतेक खेळ अशा मंडळांतून चालतात. सभासद वर्षाची वर्गणी भरतात, सर्वसाधारण सभा होते, कार्यकारिणी निवडून येते, खजिनदार हिशेब वाचून दाखवतो. सामन्याच्या दिवशी तिकिटं फाडायला, सॉसेज भाजायला, मैदान आखायला सभासद आणि पालकच असतात. मोठ्या संघाच्या खाली तरुणांचा संघ, त्याखाली किशोरांचा, आणि अगदी लहानांसाठी अंगाला न भिडता खेळायचा प्रकार. वर चढायचं तर खालच्या श्रेणीत जिंकावं लागतं, वरच्या श्रेणीत शेवटी राहिलं तर खाली यावं लागतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये ही चढउतार नाही. तिथे संघ मालकाचा असतो आणि मालकाला वाटलं तर तो संघ उचलून दुसऱ्या शहरात नेतो. युनिकॉर्न्स हाल सोडून जाऊ शकत नाहीत, कारण ते हालच्या सभासदांचेच आहेत.

आणि अशी संस्था नोंदवायला जर्मन कायद्याप्रमाणे किमान किती माणसं लागतात? सात. आपल्याकडच्या १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यातही आकडा सातच आहे. कबड्डीचा एक संघ उभा राहतो तेवढीच माणसं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून जरा वेळ बसून राहिलो. आपल्या गावोगावच्या व्यायामशाळा, वाचनालयं, गणेश मंडळं आणि हजारो किलोमीटरवरचा हा फुटबॉल क्लब यांची जन्मकथा एकच निघावी, याचा मला मनापासून आनंद झाला.

अशा मंडळातून काय निघू शकतं, त्याचं एक उदाहरण देतो. मोरिट्झ ब्योरिंगर हा जर्मन मुलगा सतरा वर्षांचा होईपर्यंत या खेळापासून दूर होता. इंटरनेटवर मिनेसोटा व्हायकिंग्जच्या एड्रियन पीटरसनची धाव त्याने पाहिली आणि त्याला खूळ लागलं. शेजारच्या क्राइल्सहाइम गावातल्या क्लबात त्याने सुरुवात केली, तिथून तो हालच्या युनिकॉर्न्समध्ये आला. २०१६ च्या वसंतात अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, नव्या खेळाडूंची वार्षिक निवड झाली. सहाव्या फेरीत, १८०व्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि पुकारणारा संघ होता तोच, मिनेसोटा व्हायकिंग्ज. अमेरिकेतल्या कॉलेजात एक दिवसही न खेळता थेट युरोपातल्या क्लबातून निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. ४० हजार वस्तीच्या गावातल्या वर्गणीवर चाललेल्या मंडळाचा हा मुलगा.

*

युरोपात या खेळाची दुसरीही एक कथा आहे, आणि ती वरून खाली आलेली आहे.

१९९१ मध्ये एनएफएलच्या पाठबळावर वर्ल्ड लीग नावाची स्पर्धा सुरू झाली. तीत अमेरिकी संघांबरोबर लंडन, बार्सिलोना आणि फ्रँकफुर्टचे संघ होते. पहिला अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर झाला. लंडन मोनार्क्सनी बार्सिलोना ड्रॅगन्सना २१-० असं हरवलं, बघायला ६१ हजार लोक होते. सुरुवात याहून झोकात काय होणार? दोन हंगामांनंतर ही लीग थांबली, १९९५ मध्ये फक्त युरोपी संघ घेऊन पुन्हा उभी राहिली, पुढे तिचं नाव एनएफएल युरोप झालं. संघांची मालकी आणि पैसा अमेरिकेचा, बहुतेक खेळाडू अमेरिकेने पाठवलेले. उद्देश दुहेरी होता : नवे प्रेक्षक मिळवायचे आणि अमेरिकेतल्या संघांच्या राखीव खेळाडूंना सराव द्यायचा.

या सरावातून एक माणूस असा निघाला, की त्याची गोष्ट अमेरिकेत अजून सांगतात. कर्ट वॉर्नर. एनएफएलच्या संघाने नाकारल्यावर तो आयोवा राज्यात किराणा दुकानात रात्रपाळीला मांडणीवर माल लावायचा. मग बंदिस्त मैदानावरचा फुटबॉल खेळला, १९९८ मध्ये ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सकडून युरोपात खेळला, आणि जानेवारी २००० मध्ये सेंट लुइस रॅम्सला सुपर बाउल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून देऊन सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ते आपल्या पुण्यापाशी येणार आहे.

२३ जून २००७. फ्रँकफुर्टमध्ये या लीगचा अंतिम सामना. हॅम्बुर्ग सी डेव्हिल्सनी यजमान फ्रँकफुर्ट गॅलक्सीला ३७-२८ असं हरवलं. मैदानात ४८ हजारांवर लोक. सहाच दिवसांनी, २९ जूनला, एनएफएलने लीग बंद केल्याची घोषणा केली. पैसा सतत बुडत होता. तोवर सहापैकी पाच संघ जर्मनीत एकवटले होते, म्हणजे बाकीच्या युरोपातून पाय आधीच निघाला होता. ज्या लोकांनी गेल्याच आठवड्यात घसा बसेपर्यंत गॅलक्सीचं नाव घेतलं, त्यांना एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत संघच उरला नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारण्याची सोयच त्या रचनेत नव्हती. सर्वसाधारण सभा नाही, तर हात कुठे वर करणार?

त्याच वर्षी व्हिएन्ना व्हायकिंग्जनी आपला सलग चौथा युरोबाउल जिंकला. वर्गणीवरचे क्लब चालूच राहिले.

गॅलक्सी, सी डेव्हिल्स, ऱ्हाइन फायर ही बंद पडलेल्या लीगमधली नावं मात्र लोकांच्या मनातून गेली नाहीत. २०२१ मध्ये युरोपियन लीग ऑफ फुटबॉल ही नवी व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिने जुनी नावं परत आणली. अमेरिकी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घातली, म्हणजे युरोपातल्या मुलांना खेळायला मिळावं. पहिल्याच वर्षी फ्रँकफुर्ट गॅलक्सीने अंतिम सामन्यात हॅम्बुर्ग सी डेव्हिल्सना ३२-३० असं हरवलं. चौदा वर्षांपूर्वीच्या पराभवाची परतफेड, त्याच दोन नावांमध्ये. २०२२ मध्ये व्हिएन्ना व्हायकिंग्ज, २०२३ आणि २०२४ मध्ये ऱ्हाइन फायर, २०२५ मध्ये श्टुटगार्ट सर्ज. पण २०२५ मध्येच या लीगमधल्या अनेक क्लबांनी एकत्र येऊन आपली वेगळी आघाडी केली. तक्रार पैशाची आणि कारभारातल्या पारदर्शकतेची होती. पुढचे हंगाम कुणाच्या झेंड्याखाली खेळायचे यावरून फूट पडली. मला या भांडणाचं वाईट वाटत नाही. २००७ मध्ये घोषणा ऐकून घरी जाण्यापलीकडे कुणाच्या हातात काही नव्हतं. या वेळी क्लब स्वतः टेबलाशी बसून भांडत होते.

*

आता पुणे.

२०११ मध्ये भारतात एक घोषणा झाली : एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया. अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, भारतीय खेळाडू घेऊन. पैसा लावणाऱ्यांत शिकागोचे नामवंत प्रशिक्षक माइक डिटका, चित्रपट अभिनेता मार्क वॉलबर्ग, भारतीय वंशाचा एनएफएल खेळाडू ब्रँडन चिल्लर, आणि आपला ओळखीचा कर्ट वॉर्नर. संघांची नावं झोकदार होती. दिल्ली डिफेंडर्स, मुंबई ग्लॅडिएटर्स, बंगलोर वॉरहॉक्स, कोलकाता व्हायपर्स, आमच्या राजधानीचे हैदराबाद स्कायकिंग्स, आणि पुणे मराठाज.

खेळाडू आणायचे कुठून? हा खेळ तेव्हा भारतात खेळलाच जात नव्हता म्हटलं तरी चालेल. म्हणून रग्बी, कबड्डी, ॲथलेटिक्स अशा खेळांतली मुलं निवडली गेली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याने आयुष्यभर घोटा पकडला, त्याला हेल्मेट चढवून सांगितलं की आता हाच घोटा धर, फक्त समोरच्याच्या हातात चेंडू असेल. २०१२ मध्ये पहिला हंगाम झाला. बहुतेक सामने श्रीलंकेत, कोलंबोला खेळवून चित्रित केले आणि ते टीव्हीवर दाखवले. विजेतेपदाच्या सामन्यात पुणे मराठाजनी दिल्ली डिफेंडर्सना ६-० असं हरवलं.

हा स्कोअर पुन्हा वाचा. युरोपातल्या मुरलेल्या क्लबांच्या सामन्यात दोन्ही बाजू मिळून पन्नास-साठ गुण सहज होतात. इथे सगळे मिळून सहा. चेंडू नेमका फेकायला आणि तो धावता धावता झेलायला वर्षं जातात, पण समोरच्याला धरून थांबवणं या मुलांना आधीच येत होतं. दिल्लीला शून्यावर रोखणारा हा सामना पकडीचा होता. अमेरिकन फुटबॉलची भारतातली पहिली व्यावसायिक लीग पुण्याच्या नावाने जिंकली गेली, ही गोष्ट मराठी क्रीडा इतिहासात एका ओळीने तरी नोंदली जायला हवी. तशी ती मला कुठे दिसली नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिली.

पुढे त्या जोमाने ही लीग चालली नाही. अनेकांनी तेव्हा म्हटलं की भारतीयांना हा खेळ कळणारच नाही. मला हे पटत नाही. दहा यार्डांच्या रेघेवर तिसऱ्याच डावाला माझ्या मैदानावरच्या पोराला खेळ कळला होता. पुणे मराठाजना कमी पडलं ते दुसरंच. पुण्यात या संघाचं घरचं मैदान नव्हतं, जिथे सामना बघायला मावशी-काकांना घेऊन जाता येईल. खाली किशोर संघ नव्हता. संघ हरला तर ज्यांना रात्री झोप येणार नाही असे सभासद नव्हते. शहराचं नाव होतं, मंडळ नव्हतं. ज्या शहरात एका पेठेत दोन-दोन तालमी आहेत, कबड्डीची जुनी मंडळं आहेत, त्याच शहराच्या नावाला हे व्हावं याची मला जास्त खंत वाटते.

*

कबड्डीकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट दिसतं. आमच्या आदिलाबादहून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि त्यापलीकडे अमरावती. तिथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने कबड्डीचे नियम छापले. १९३६ मध्ये अमरावतीच्या मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकला गेलं आणि कबड्डीसह आपले देशी खेळ त्यांनी तिथे करून दाखवले. त्याच्या चार वर्षं आधी, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनेही आपला फुटबॉल असाच पाहुण्यांना करून दाखवला होता. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या कॉलेजांतल्या खेळाडूंचा सामना, पश्चिमेने ७-६ असा जिंकला. दोन देशांनी आपापला घरचा खेळ चार वर्षांच्या अंतराने जगापुढे ठेवला. अमेरिकेने त्यासाठी आपली विद्यापीठं उतरवली, आपल्या बाजूने एका जिल्ह्याच्या गावातलं व्यायाम मंडळ गेलं.

त्यानंतरची पन्नास वर्षं कबड्डी मंडळांनी जगवली. लालबाग-परळच्या चाळींतून, सांगलीच्या पटांगणातून, विदर्भातल्या दसऱ्याच्या सामन्यांतून. बुवा साळवींसारख्या माणसांनी नियम, पंच, स्पर्धा यांची घडी बसवली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पदकांचा खेळ झाली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली तेव्हा तिला खेळाडू शोधावे लागले नाहीत, पंच शिकवावे लागले नाहीत, आणि प्रेक्षकांना बोनस रेषा समजावून सांगावी लागली नाही. वरून आलेल्या लीगच्या खाली नव्वद वर्षांची मंडळं होती. १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या गच्चीबावली स्टेडियममध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून ही लीग जिंकली. त्या रात्री टीव्हीसमोर आमच्या मोहल्ल्यात मराठी आणि तेलुगू घरं एकाच खोलीत बसली होती.

*

१६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पाच नवे खेळ घ्यायचं ठरलं. आपल्याकडच्या बातम्या क्रिकेटने भरल्या, ते साहजिकच होतं. त्याच यादीत फ्लॅग फुटबॉल होता. अमेरिकन फुटबॉलचं हे हलकं रूप : प्रत्येक बाजूला पाच खेळाडू, ५० यार्डांचं मैदान, हेल्मेट नाही, छातीचं कवच नाही, अंगाला भिडणं नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंना दोन फिती लोंबतात. चेंडू नेणाऱ्याची फीत ओढली की डाव संपला. युरोपातले क्लब आपल्या लहान मुलांना याच रूपातून खेळात आणतात.

पूर्ण साजाचा अमेरिकन फुटबॉल आमच्यासारख्या जिल्ह्याला झेपणारा नाही. एका मुलाच्या हेल्मेट-कवचाला जेवढे हजार लागतात, तेवढ्यात कबड्डीचे दोन संघ वर्षभर खेळतात. फितीला मात्र काहीच लागत नाही. आदिलाबाद कापसाचा जिल्हा, घरात जुनं लुगडं नाही असं होत नाही. त्या थंडीतल्या सकाळनंतर पुढच्या रविवारी मुलं आपापल्या आईच्या जुन्या साडीचे काठ फाडून घेऊन आली. हिरवे काठ एका बाजूला, लाल दुसऱ्या बाजूला. चड्डीच्या नाडीत खोचले. शाळेत शेपूट ओढायचा खेळ सगळ्यांनी खेळलेला, त्यामुळे फीत कशी हुकवायची हे शिकवावं लागलं नाही. कंबर अशी वळवायची की ओढणाऱ्याचा हात वाऱ्यात जातो. सगळ्यांत चपळ निघाली एक मुलगी, सातवीतली, खो-खोत खांब देणारी. ती खांबाजवळ वळते तशीच इथे वळायची. सलग तीन डावांत तिची फीत कुणाला मिळाली नाही. फेक अजून कुणालाच धड जमत नाही. लांबुळका चेंडू बोटांच्या टोकांवरून फिरकी देऊन सोडावा लागतो, आमचा हवेत कोलांट्या खात जातो आणि कुठेही पडतो. हिवाळाभर तेवढंच करायचं असं ठरवलं आहे.

ठरलेल्या आणखी एका गोष्टीचा कागद माझ्या टेबलावर आहे. मंडळाच्या नोंदणीचा अर्ज. घटनेचा मसुदा तेलुगू आणि मराठीत लिहिला, वर्षाची वर्गणी शंभर रुपये ठेवली, हिशेब दर दसऱ्याला वाचून दाखवायचा असं कलम टाकलं. इथेही सात जण लागतात. सहा सह्या झाल्या आहेत. सातवी त्या मुलीच्या आईची. तिने परवा फोनवर सांगितलं, "सर, शेवटची वेचणी राहिली आहे. कापूस मार्केटला गेला की येते."